एसआर–२२ : विमा संपल्याची खबर कुणी द्यायची?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दारू पिऊन किंवा बेदरकारपणे गाडी चालवणाऱ्याच्या विम्याचा हप्ता वाढवा, म्हणजे तो सुतासारखा सरळ येईल, ही सूचना आपल्याकडे एखादा मोठा अपघात गाजला की हमखास पुढे येते आणि ‘अमेरिकेत असेच करतात’ हे वाक्य तिच्या पाठीशी ठेवणीतल्या पुराव्यासारखे उभे केले जाते. मी एका सरकारी विमा कंपनीच्या मोटार दावे विभागात ३१ वर्षे नोकरी करून निवृत्त झालो असून आता वर्षातले चार-पाच महिने मुलीकडे व्हर्जिनिया राज्यात असतो. अमेरिकेत नेमके काय करतात हे तिथल्या एका ओळखीच्या तरुणाच्या निमित्ताने मला कागद हातात घेऊन पाहता आले, आणि जन्म याच धंद्यात गेल्यामुळे मी ते जरा खोलात जाऊन वाचलेही. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, त्या ‘एसआर–२२’ नावाच्या व्यवस्थेतले जे अंग आपण उचलायला निघालो आहोत, म्हणजे वाढीव हप्ता, ते तिचे सर्वांत कच्चे अंग आहे, आणि जे उचलण्याजोगे आहे, म्हणजे विमा संपल्याची खबर विमा कंपनीकडून सरकारला परस्पर जाणे, त्याचा आपल्या चर्चेत उल्लेखही नसतो. पत्र लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रसंग असा घडला. आमच्या जावयांच्या कार्यालयातला हा मराठी तरुण एका रात्री मेजवानीहून परतताना पोलिसांच्या तपासणीत सापडला. तिथे रक्तातील मद्याचे प्रमाण ०.०८ टक्के भरले की गुन्हा ठरायला तेवढे पुरते. (युटा राज्यात २०१८ च्या अखेरीपासून ही मर्यादा ०.०५ आहे. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ आहे, कायद्याच्या पुस्तकापुरते आपण अमेरिकेहून कडक आहोत.) पहिलाच गुन्हा म्हणून त्याला दंड झाला, लायसन्स एक वर्षासाठी रद्द झाले, मद्यपानाविषयीच्या वर्गांना हजेरी लावणे आले, आणि मर्यादित परवानगीवर कामाला जायचे तर नळीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही असे यंत्र गाडीत बसवावे लागले. इकडे त्याच्या आईवडिलांनी झाले ते झाले, सुटला एकदाचा, म्हणून देवापुढे नारळ फोडला. पुढे राज्याच्या मोटार वाहन खात्याचे पत्र आले, की लायसन्स परत हवे असेल तर ‘एफआर–४४’ दाखल करावे लागेल आणि ते तीन वर्षे अखंड चालू ठेवावे लागेल. त्याच्या वडिलांनी मला फोन करून विचारले, “अहो, तुम्ही विम्यातले. ही कुठली पॉलिसी? कितीला मिळते?” मला उत्तर देता आले नाही, हे कबूल करायला हवे.

ती पॉलिसी नाहीच, हे समजायला मला दोन दिवस लागले. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत याच कागदाला ‘एसआर–२२’ म्हणतात. फ्लोरिडा आणि व्हर्जिनिया या दोनच राज्यांत मद्यपी चालकांसाठी त्याची ‘एफआर–४४’ नावाची कडक आवृत्ती आहे, फ्लोरिडात २००७ च्या ऑक्टोबरपासून आणि व्हर्जिनियात २००८ च्या जानेवारीपासून. हा कागद चालकाने भरायचा नसतो. चालकाला ज्या कंपनीने विमा दिला ती कंपनी राज्याच्या वाहन खात्याकडे परस्पर असे प्रमाणपत्र पाठवते की या माणसाला आम्ही कायद्याने ठरवलेल्या रकमेइतका दायित्वाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीची भरपाई देणारा, विमा दिलेला आहे. प्रमाणपत्राची फी किरकोळ, बहुधा २५ डॉलरच्या आसपास असते. आपल्याकडे पोलिस ‘चॅप्टर केस’ करून एखाद्याकडून ठरावीक मुदतीचे चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र लिहून घेतात, तशीच ही जात आहे. फक्त इथे जामीन राहणारा गावातला प्रतिष्ठित माणूस नसून विमा कंपनी असते, आणि तीही माणसाच्या वागणुकीबद्दल अवाक्षर बोलत नाही. याच्या हातून पुन्हा कुणाला इजा झाली तर भरपाईचे पैसे आहेत, एवढेच ती सांगते.

कागदाचा खरा जीव मात्र त्या प्रमाणपत्रात नसून त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या कागदात आहे. हप्ता थकला, पॉलिसी रद्द झाली किंवा नूतनीकरण झाले नाही, तर कंपनीने ‘एसआर–२६’ नावाची सूचना राज्याला पाठवायची असते आणि ती पोचली की राज्य लायसन्स पुन्हा निलंबित करते. पोलिसाने अडवण्याची, अपघात होण्याची, कुणी तक्रार करण्याची वाट पाहिली जात नाही. आमच्या या तरुणाने ते अनुभवलेही. बँकेने त्याचे कार्ड बदलून दिले, विम्याचा मासिक हप्ता जुन्या कार्डावर अडकला, कंपनीची नोटीस त्याने सोडलेल्या जुन्या घराच्या पत्त्यावर गेली, आणि आपण बिनविम्याचे आहोत हे त्याला कळले ते थेट लायसन्स निलंबित झाल्याच्या पत्रातून. चूक त्याचीच होती. त्याला पुन्हा प्रमाणपत्र दाखल करावे लागले, लायसन्स परत सुरू करण्याची फी भरावी लागली आणि तेवढे दिवस सहकाऱ्यांच्या गाडीतून ये-जा करावी लागली. तो वैतागला होता. मी मात्र, खरे सांगायचे तर, मनातून थक्क झालो होतो.

थक्क होण्याचे कारण माझ्या टेबलावरून गेलेल्या फायलींत आहे. आपल्याकडे पॉलिसी मरते तेव्हा तिच्या मरणाची वर्दी कुणी देत नाही. एक दावा माझ्या अजून लक्षात आहे. सातारा रस्त्यावर मालवाहू टेम्पोने मोटारसायकलला धडक दिली, मोटारसायकलवरचा कमावता माणूस गेला आणि त्याची पत्नी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभी राहिली. टेम्पोची आमची पॉलिसी अपघाताच्या ११ दिवस आधी संपलेली होती. कंपनीच्या बाजूने ते सिद्ध करणे हेच माझे काम होते आणि ते मी केले. न्यायाधिकरणाने भरपाईची रक्कम टेम्पोमालकावर बसवली. त्याच्याकडे कर्जाने घेतलेला तो टेम्पो सोडून काही नव्हते, आणि टेम्पोवरही पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा होता. पॉलिसी संपल्याचे आमच्या कार्यालयाला पहिल्या दिवशीच कळले होते. परिवहन कार्यालयाला ते सांगण्याची ना आमच्यावर सक्ती होती ना रीत होती. टेम्पो ११ दिवस रोज मालाने भरून त्याच रस्त्याने जात राहिला.

आता थोडे मागचे सांगतो, कारण हा कागद ज्या विचारातून आला तो समजल्याशिवाय त्याचे गुणदोष कळत नाहीत. मोटारी वाढू लागल्या तेव्हा अमेरिकेतल्या राज्यांपुढे दोन वाटा होत्या. कनेक्टिकट राज्याने १९२५ मध्ये अशी वाट धरली की प्रत्येकावर विम्याची सक्ती नको. ज्याने अपघात केला किंवा गंभीर गुन्हा केला त्याच्याकडूनच यापुढच्या काळासाठी पैशाच्या ऐपतीचा पुरावा मागावा. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सने १ जानेवारी १९२७ पासून सरळ सर्वांनाच विमा सक्तीचा केला. पुढची कित्येक वर्षे बाकीच्या राज्यांनी कनेक्टिकटचीच वाट पसंत केली आणि मॅसॅच्युसेट्सला दुसरा जोडीदार, न्यूयॉर्क, मिळायला जवळजवळ तीस वर्षे लागली. (आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातले सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून लागू झाले, म्हणजे या बाबतीत आपण न्यूयॉर्कच्या दहा वर्षे पुढे होतो.) कनेक्टिकटच्या वाटेवरचा आक्षेप उघड होता आणि तो तेव्हाही घेतला गेला: कुत्र्याने पहिल्यांदा चावावे तोवर त्याला मोकळे सोडायचे आणि मग साखळी शोधायची, असा हा न्याय आहे. ज्याला पहिला चावा बसला त्याचे काय, या प्रश्नाला त्या कायद्यात उत्तर नव्हते. एसआर–२२ हे त्याच जुन्या विचाराचे आज उरलेले रूप आहे. मूळ विचार आज जवळजवळ शुद्ध स्वरूपात पाहायचा असेल तर न्यू हॅम्पशायरला जावे. तिथे वाहनाच्या नंबरपाटीवरच ‘स्वतंत्र जगा किंवा मरा’ असे ब्रीद लिहिलेले असते आणि सामान्य चालकाला विमा सक्तीचा नाही. पण तोच चालक दारू पिऊन सापडला की त्याला एसआर–२२ द्यावाच लागतो.

कोणत्या गुन्ह्यांसाठी हा कागद मागायचा हे प्रत्येक राज्य आपापले ठरवते. दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली गाडी चालवणे हा कागद मागणाऱ्या बहुतेक राज्यांत आहेच; त्याखेरीज विमा नसताना गाडी चालवणे, विमा नसताना अपघात करणे, लायसन्स निलंबित असताना चाकामागे बसणे, थोड्या काळात फार गुन्हे नोंदले जाणे हेही अनेक ठिकाणी येते. मुदत बहुतेक राज्यांत तीन वर्षे असते, टेक्सासात दोन. स्वतःची गाडी नसलेल्यालाही यातून सुटका नाही, कारण दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्यासाठी वाहनाशिवायची, केवळ चालकाच्या नावाची पॉलिसी तिथे मिळते आणि तिच्यावर हे प्रमाणपत्र घेता येते. राज्य बदलूनही उपयोग होत नाही. ज्या राज्याने मागितले त्याला ते मुदतभर पुरवावे लागते. मुले तिकडे असलेल्या वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की हे बंधन माणसाला चिकटते, गाडीला नाही. गाडी विकून टाकली म्हणजे संपले, असा जो हिशेब आपण इकडच्या अनुभवावरून करतो तो तिथे चुकतो.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकली. हप्ता भरायचे राहून गेले म्हणून ज्याचा विमा खंडित झाला, अशा कारकुनाकडून आणि दारूच्या नशेत शाळेजवळ गाडी हाकणाऱ्याकडून अनेक राज्ये एकच कागद, एकाच मुदतीसाठी मागतात. फ्लोरिडा आणि व्हर्जिनियाने मद्यपींसाठी वेगळा, कडक नमुना केला तो बहुधा याच विचाराने. पण त्यातही एक गंमत होऊन बसली. फ्लोरिडात सामान्य चालकाला गाडीची नोंदणी करताना लागतो तो १०,००० डॉलरचा स्वतःच्या इजेचा विमा आणि १०,००० डॉलरचा दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा विमा. दुसऱ्या माणसाला झालेल्या इजेचा विमा त्याच्यावर सक्तीचा नाही. मद्यपी म्हणून शिक्षा झालेल्याला मात्र एका माणसाच्या इजेसाठी १,००,००० डॉलर, एका अपघातातल्या सर्वांसाठी ३,००,००० आणि मालमत्तेसाठी ५०,००० डॉलरचा विमा दाखवावा लागतो. म्हणजे फ्लोरिडात गाडीखाली यायचे नशिबात असेलच तर ते शिक्षा झालेल्याच्या गाडीखाली यावे. सज्जनाकडे कदाचित काहीच नसेल.

व्हर्जिनियाची तऱ्हा आणखी वेगळी होती. मद्यपींकडून किमान रकमेच्या दुप्पट विमा मागणारे हे राज्य बाकीच्यांना ५०० डॉलर खात्यात भरून विम्याशिवाय गाडी चालवू देत असे, आणि त्या ५०० डॉलरच्या बदल्यात कुणालाच कसलेही संरक्षण मिळत नसे. ही सवलत १ जुलै २०२४ पासून बंद झाली. किमान रकमाही १ जानेवारी २०२५ पासून वाढवून एका माणसामागे ५०,००० डॉलर, एका अपघातामागे १,००,००० आणि मालमत्तेसाठी २५,००० करण्यात आल्या. कॅलिफोर्नियात तर १९६७ पासूनच्या १५,००० आणि ३०,००० डॉलरच्या किमान मर्यादा २०२५ उजाडेपर्यंत तशाच होत्या. अमेरिकेतल्या रुग्णालयाचे बिल ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको की हे पैसे अतिदक्षता विभागात किती दिवस पुरतील. या एका बाबतीत आपला कायदा निःसंशय वरचढ आहे: तृतीय पक्षाच्या, म्हणजे अपघातात सापडलेल्या तिऱ्हाईताच्या, मृत्यूसाठी किंवा इजेसाठी आपल्या विम्याला रकमेची मर्यादाच नसते, न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम कंपनीला द्यावी लागते. ऐपतीचा पुरावा म्हणून मागितलेला कागद खऱ्या नुकसानीपुढे तोकडा पडणार असेल तर तो पुरावा कसला, असे मी तिथल्या एका विमा एजंटाला विचारले. तो हसून म्हणाला, तुम्ही विम्याचा विचार करताय, खाते लायसन्सचा विचार करते.

आता हप्त्याविषयी, ज्यावर आपल्याकडे सगळा भर आहे. एसआर–२२ मुळे हप्ता वाढतो असे सरसकट म्हटले जाते ते नेमके नाही. हप्ता वाढतो तो गुन्ह्यामुळे, कागद फक्त तो गुन्हा कंपनीच्या नजरेस आणतो. कॅलिफोर्नियात १९८८ च्या लोकमतातून आलेल्या कायद्याने चांगल्या चालकाला हप्त्यात सूट मिळते, ती मद्यपी म्हणून शिक्षा झालेल्याला दहा वर्षे मिळत नाही. अनेक नावाजलेल्या कंपन्या अशा ग्राहकाचे नूतनीकरणच करत नाहीत, आणि मग त्याला केवळ असेच ग्राहक घेणाऱ्या कंपन्यांच्या दारात जावे लागते. या तरुणाचा हप्ता दुपटीच्या वर गेला. त्याचा पगार चांगला आहे, त्याने तो भरला. पण त्याच्याबरोबर मद्यपानाच्या वर्गात बसणारा एक गवंडीकाम करणारा माणूस होता. तो पहिल्या सहा महिन्यांतच हप्ता सोडून बसला आणि बिनलायसन्सचा, बिनविम्याचा गाडी चालवत राहिला. मोठी शहरे सोडली तर त्या देशात बस नाही, लोकल नाही. गाडी नाही तर काम नाही. म्हणजे ज्या माणसाकडे विमा असावा म्हणून ही सगळी खटपट केली, हप्त्याच्या भाराने त्यालाच विम्याच्या बाहेर ढकलले. तिथल्या विमा संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये देशातल्या चालकांपैकी १२.६ टक्के, म्हणजे आठातला एक, बिनविम्याचा होता, आणि हे जवळजवळ प्रत्येक राज्यात विमा सक्तीचा असताना. महाग हप्ता हा दंड म्हणून ऐपतदाराला बोचतो, पण गरिबाला पळवून लावतो, असे मी यावरून समजलो.

लायसन्स हिसकावून घेण्याच्या या अधिकाराला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच एक लगाम घातलेला आहे, तो आपल्याकडच्या उत्साही लोकांनी जरूर पाहावा. जॉर्जिया राज्यातल्या एका पाद्र्याचा खटला होता. तीन खेड्यांतल्या मंडळींची सेवा त्याच्याकडे असल्यामुळे त्याला गाडीशिवाय चालत नसे. पाच वर्षांची एक मुलगी सायकलवरून येऊन त्याच्या गाडीच्या कुशीवर आदळली. त्याच्याकडे विमा नव्हता, म्हणून राज्याने ५,००० डॉलरचे तारण भर नाहीतर लायसन्स गेले समज, असे सांगितले. चूक त्याची होती की नाही हे ऐकून घ्यायलाही राज्य तयार नव्हते, कारण कायद्यात तो प्रश्नच गैरलागू ठरवला होता. न्यायालयाने निकाल दिला की एकदा दिलेले लायसन्स हे माणसाच्या चरितार्थाचे साधन असू शकते, तेव्हा तो दोषी ठरण्याची वाजवी शक्यता आहे की नाही याची सुनावणी घेतल्याशिवाय ते काढून घेता येणार नाही. एसआर–२२ बहुतांशी शिक्षा झाल्यानंतर मागितला जातो, त्यामुळे ती सुनावणी आधीच झालेली असते. आपल्याकडे ई-चलनावरून परस्पर हप्ता वाढवायची जी भाषा होते तिच्यात हा टप्पा कुठे बसतो?

ती भाषा हवेतली नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने २०२१ च्या जानेवारीत ‘वाहतूक नियमभंग हप्ता’ नावाचा वेगळा भाग मोटार विम्यात जोडण्याचा मसुदा मांडला होता. त्यात मद्यपान करून गाडी चालवण्याला १०० गुण, चुकीच्या जागी गाडी उभी करण्याला १० गुण अशी उतरंड होती, आणि गुणांप्रमाणे जादा हप्ता वाहनाच्या नोंदणीकृत मालकाने भरायचा होता. वाहन कुणीही चालवलेले असो. म्हणजे अमेरिकेतल्या व्यवस्थेतली जी एक गोष्ट निर्विवाद बरी, की बंधन चालकाच्या मागे फिरते, तीच यात गळाली आणि हप्त्याचा बोजा तेवढा आला. पगारी चालक दारू पिऊन पकडला गेला तर मालकाचा हप्ता वाढणार, आणि चालक दुसऱ्या मालकाकडे कोऱ्या पाटीने रुजू होणार.

आपला विमा वाहनावर बसतो, चालकावर नाही, हे यामागचे मूळ आहे. तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरवते. २०२२ च्या जूनपासून १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी मोटारीला तो वर्षाला ३,४१६ रुपये आहे, मग चाकामागे चाळीस वर्षे निष्कलंक गाडी चालवलेली आजी असो की दोनदा शिक्षा झालेला तिचा नातू असो. मी या समान दराच्या विरोधात नाही. उलट, हप्ता परवडणारा आणि सगळ्यांना सारखा राहिल्यामुळेच भरपाई अमर्याद ठेवणे आपल्याला जमले आहे, असे माझे मत आहे. दुखणे दुसरीकडे आहे: रस्त्यावरची निम्म्याच्या आसपास वाहने चालू विम्याशिवाय फिरतात, त्यात दुचाकींचा भरणा मोठा. नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घेण्याची सक्ती १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने आली, पण ती मुदत संपली की पुढे अंधार. बिनविम्याच्या वाहनाला पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड आहे, तोही कुणी अडवले तर.

या ठिकाणी मला न्यूयॉर्कचे उदाहरण अधिक शिकण्यासारखे वाटते, आणि गंमत म्हणजे न्यूयॉर्कमध्ये एसआर–२२ नाहीच. तिथे मद्यपी चालकाकडून विम्याचा वेगळा पुरावा मागत नाहीत, कारण प्रत्येक विमा कंपनीला प्रत्येक पॉलिसीचा आरंभ आणि शेवट वाहन खात्याला संगणकाने कळवावाच लागतो. विमा बंद करायचा असेल तर आधी गाडीच्या नंबरपाट्या खात्याकडे जमा करायच्या, मग पॉलिसी रद्द करायची, असा क्रम आहे. मधे खंड पडला तर पहिल्या ३० दिवसांना दिवसाला ८ डॉलर, पुढच्या ३० ना १० आणि त्यापुढच्या ३० ना १२ असा दंड भरून सुटता येते. खंड त्याहून लांबला की नोंदणी निलंबित. मद्यपी चालकाला राज्य वेगळी आकारणी लावते, वर्षाला २५० डॉलर, तीन वर्षे. ती रक्कम विम्याच्या हप्त्यात मिसळत नाही, त्यामुळे दंडाच्या ओझ्याने विमा सुटण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. बाकीची राज्ये शिक्षा झालेल्या थोड्यांवर जी नजर ठेवतात ती न्यूयॉर्कने सगळ्यांवर ठेवली आणि त्याचा गाजावाजा केला नाही.

आपल्याकडे वाहनांच्या नोंदणीसाठी ‘वाहन’ आणि लायसन्ससाठी ‘सारथी’ अशा दोन देशव्यापी नोंदवह्या संगणकावर तयार आहेत. विमा कंपन्यांच्या पॉलिसींची माहिती ‘वाहन’मध्ये दिसतेही, पॉलिसी संपली हे तिथे कुणीही गाडीचा क्रमांक घालून पाहू शकतो. न्यूयॉर्कमध्ये आणि आपल्यात फरक एवढाच आहे की तिथे संपल्याची नोंद आपण होऊन एक पत्र जन्माला घालते, आणि आपल्याकडे ती नोंद कुणीतरी येऊन आपल्याकडे पाहील म्हणून बसून राहते. मुदत संपण्याच्या आधी एक सूचना, संपल्यावर दुसरी, आणि ठरावीक दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर म्हणणे मांडण्याची संधी देऊन नोंदणी निलंबित, एवढा क्रम लावायला हप्ता एका रुपयानेही वाढवावा लागत नाही. मद्यपानाची शिक्षा ‘सारथी’वर चालकाच्या नावे नोंदवून, लायसन्स परत देताना त्याच्याकडून तीन वर्षांसाठी हमी मागायची की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न आहे, मी स्वतः मागावी या मताचा आहे, पण ती त्याच्या मालकाच्या गाडीच्या हप्त्यातून नको.

याने सगळे सुटेल असे मी म्हणत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण जीव गेले त्या मोटारीची कायम नोंदणी झालेली नव्हती आणि चालवणारा सतरा वर्षांचा होता. ज्याच्याकडे लायसन्सच नाही त्याच्याकडून लायसन्सच्या बदल्यात हमी कोण मागणार? तशा प्रकरणांना हा उपाय लागू नाही आणि तो तसा विकलाही जाऊ नये. माझे म्हणणे त्या टेम्पोपुरते आहे, जो ११ दिवस सर्वांदेखत बिनविम्याचा धावला.

शेवटी एक जुनी गोष्ट नोंदवून थांबतो. आमच्या मोटार विम्याच्या प्रपोजल फॉर्मवर चालकाविषयी एक प्रश्न असे: अपघात किंवा हानी घडवल्याबद्दल चालकाला पूर्वी कधी शिक्षा झाली आहे काय, असल्यास तपशील द्या. फॉर्म बहुधा एजंट भरत, मालक खाली सही करत. दाव्याची फाइल उघडली की तो फॉर्म मूळ कागद म्हणून वर लावलेला असे, म्हणून मी तो हजारो वेळा वाचला आहे. त्या प्रश्नापुढे ‘नाही’खेरीज दुसरे उत्तर ३१ वर्षांत माझ्या पाहण्यात आले नाही, आणि ते ‘नाही’ खरे आहे का हे विचारायला कुठे फोन करायचा, हे आमच्या कार्यालयात कुणालाच ठाऊक नव्हते.

आपला विश्वासू,
मोटार विमा दावे विभागातील एक निवृत्त अधिकारी, पुणे